राजधानी उचलणारे आणि पाटीसाठी भांडणारे

‘सिव्हिलायझेशन’ नावाचा एक व्हिडिओ गेम आहे. सिड मायर या माणसाने तो १९९१ साली काढला आणि त्याचे नवे भाग अजून निघतात. सातवा २०२५च्या फेब्रुवारीत आला. चालीचालीने खेळायचा. तुमची चाल, मग शत्रूची, मग पुन्हा तुमची. गाव वसवायचं, नदी बघायची, डोंगर बघायचा आणि पुढची पाचशे वर्षं डोक्यात ठेवून पाऊल टाकायचं. आमच्या नगरमध्ये एखाद्या प्रतिष्ठितासमोर या खेळाचं नाव काढा. नाक मुरडतो. पोरांचे चाळे म्हणतो. मग तोच प्रतिष्ठित चहाच्या टपरीवर जिल्हा विभाजनावर तासभर बोलतो आणि त्या तासाभरात अंतर, पाणी, रस्ता, खर्च यांतलं काहीही त्याच्या तोंडून बाहेर पडत नाही. बाहेर काय पडतं? ‘आमच्या गावाचा मान.’

मी हा खेळ खेळतो आणि आडपडदा न ठेवता सांगतो: त्यात राजधानी हलवताना चौदा वर्षांच्या पोराला जेवढं डोकं चालवावं लागतं, तेवढं विभाजनातून होणाऱ्या नव्या जिल्ह्याच्या मुख्यालयासाठी आमच्या पुढाऱ्यांनी चालवलेलं मला दिसलेलं नाही. पोर हरलं तर त्याचा खेळ जातो. पुढारी हरला तरी त्याचं काहीच जात नाही. फरक सगळा तिथे आहे.

खेळातलं गणित समजून घ्या, पुढे लागणार आहे. जुन्या भागांत राजधानी म्हणजे एक इमारत: राजवाडा. राजधानी हलवायची तर दुसऱ्या गावात राजवाडा बांधायला घ्यायचा. हे बांधकाम महागडं. ते चालू असेपर्यंत त्या गावात ना धान्याचं कोठार उभं राहतं ना तट. शत्रू सीमेवर दबा धरून बसलेला असतो. तरीही खेळणारा हा खर्च का करतो? कारण राजधानीपासून गाव जितकं लांब, तितकी तिथली कमाई वाटेत गळते. २००१च्या तिसऱ्या भागात हे फार निर्दय होतं. टोकाच्या गावाची बहुतेक सगळी कमाई भ्रष्टाचार गिळायचा. २००५च्या चौथ्या भागात त्याच अंतराचा खर्च थेट तिजोरीतून वजा व्हायचा. पाचव्यात तर आपण होऊन राजधानी हलवायची सोयच काढून टाकली, सहाव्यात ती एकट्या फिनिशियाच्या डायडो राणीला ठेवली आणि सातव्यात युग पालटताना ती पुन्हा मिळते. तपशील बदलत राहिले, मुद्दा तोच: अंतराला किंमत असते आणि ती किंमत टोकाचा माणूस भरतो.

आता खेळ बाजूला ठेवा आणि आपल्या शहराकडे या. या शहराला दोन नावं लाभली. एक अहमदशहाचं, अहमदनगर; दुसरं अहिल्यादेवींचं, अहिल्यानगर. ३१ मे २०२३ला अहिल्यादेवींच्या जन्मगावी, चौंडीत, नव्या नावाची घोषणा झाली, मार्च २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठराव केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ते कागदोपत्री पक्कं झालं. या काळात दोन्ही बाजूंच्या वीरांनी किती आरडाओरडा केला! फलक, बॅनर, घोषणा, प्रतिघोषणा. मला या दोन्ही फौजांचा सारखाच वैताग आला, कारण ज्या दोघांच्या नावावरून ही धुमश्चक्री चालली होती, त्या दोघांनीही आयुष्यात राजधानी हलवण्याचं धाडस केलं होतं. आणि त्यांचं नाव घेणाऱ्यांना एक जिल्हा कार्यालय हलवता येत नाही.

अहिल्यादेवी आधी घेतो. १७६६मध्ये सासरे मल्हारराव होळकर गेले, १७६७मध्ये मुलगा मालेराव गेला. कारभार हाती आला तेव्हा पाठीशी नवरा नव्हता, सासरा नव्हता, मुलगा नव्हता, आणि दौलतीवर डोळा ठेवून बसलेले पुष्कळ होते. अशा वेळी साधा माणूस आहे ते धरून बसतो. या बाईंनी इंदूर सोडलं आणि गादी नर्मदेकाठी महेश्वरला नेली. किल्ल्यातला राहता वाडा साधा, घाट मात्र असे की आजही बघणारा थबकतो. विणकर आणून वसवले, त्यातून माहेश्वरी साडीची पेठ उभी राहिली. राजधानी नेली म्हणजे काय नेलं? रोजगार नेला, न्याय नेला, स्वतः तिथे जाऊन राहिल्या. पुढे १८१८च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला गेली आणि तेव्हाही आभाळ कोसळलं नाही.

निजामशाही उभारणाऱ्या अहमदशहाची गोष्ट तर सिव्हिलायझेशन खेळणाऱ्याने वहीत लिहून ठेवावी अशी आहे. जुन्नर त्याचं ठाणं. बलदंड जागा, शिवनेरी शेजारी, नाणेघाट हाताशी. २८ मे १४९०ला त्याने आत्ताच्या नगरच्या परिसरात बहमनी फौजेचा धुव्वा उडवला आणि स्वतंत्र झाला. आता जुन्नरला बसून राहायला काय हरकत होती? काहीच नाही. पण त्याची नजर दौलताबादेवर होती. तो किल्ला एका हल्ल्यात पडणारा नव्हता. त्याच्याभोवतीचा मुलूख वर्षानुवर्षं पिळावा लागणार होता, आणि जुन्नरहून दर वर्षी फौज नेणं परवडणारं नव्हतं. म्हणून त्याने जुन्नर आणि दौलताबाद यांच्या साधारण मधली जागा धरली, तीही जिंकलेल्या रणाजवळची, आणि १४९४मध्ये सीनेकाठी नव्या शहराचा पाया घातला. हे कारण फिरिश्ता सांगतो, आणि फिरिश्ता स्वतः विजापूरला जाण्याआधी नगरच्या दरबारात वावरलेला. १४९९मध्ये दौलताबाद पडलं. १४९०ला लढाई, १४९४ला शहर, १४९९ला किल्ला. एकामागून एक तीन चाली, आणि प्रत्येक चालीमागे कारण.

पाण्याचं काय? हा प्रश्न आमच्या चर्चेत कधीच येत नाही, म्हणून मी इथे जरा थांबणार आहे. नगर पर्जन्यछायेतलं. सीना ही वर्षातले बरेच महिने नदी म्हणवण्याच्या लायकीची नसते. अशा माळावर राजधानी वसवणाऱ्याला कुणीही मूर्ख म्हटलं असतं. पण निजामशाहीने शहराबाहेरच्या उंच भागांतून, कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा गावांच्या शिवारांतून, जमिनीखालून खापरी नळ आणले. भाजलेल्या मातीचे नळ एकात एक बसवायचे, चुन्यात पक्के करायचे, उतार असा राखायचा की पाणी कुठल्याही यंत्राशिवाय गावात पोचेल. महालांना पोचलं, हौदांना पोचलं, फराहबागेतला महाल तर तलावाच्या मधोमध उभा राहिला. उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या जमिनीत तलाव! आज त्या महालाभोवती कोरडं मैदान आहे. भिंतींच्या जाडीवरून हात फिरवा, चुन्याचा गिलावा कुठे कुठे अजून टिकलेला बोटांना लागतो. त्या लोकांनी आधी पाण्याचा हिशेब केला आणि मग ‘राजधानी’ म्हणायला सुरुवात केली. आमचे लोक आधी ‘मुख्यालय’ म्हणतात, मग स्वागत कमान उभारतात, आणि पाण्याच्या टँकरची निविदा सगळ्यात शेवटी काढतात.

आता तुघलक. राजधानी हलवायचं म्हटलं की कुणीतरी तुघलकाचं नाव फेकतोच, आणि समोरचा गप्प बसतो. का बसायचं? १३२७मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीचा दरबार देवगिरीला, म्हणजे दौलताबादेला आणला. त्याचं राज्य दक्षिणेत खोल पसरलं होतं आणि दिल्लीहून ते हाकता येत नव्हतं. कारण चुकीचं होतं का? मुळीच नाही. चुकली ती रीत: माणसांना हुकमाने हाकलणं, त्यांच्या वाटेवरच्या हालांची पर्वा न करणं, आणि जमलं नाही तेव्हा तितक्याच तडकाफडकी मागे फिरणं. आणि तरी त्या आणलेल्या माणसांतून, त्या रुजलेल्या दरबारातून १३४७मध्ये दौलताबादलाच बहमनी सत्ता उभी राहिली. तिने राजधानी गुलबर्ग्याला नेली. पुढे त्याच घराण्यातल्या अहमदशहा वलीने ती बिदरला नेली. शिवरायांनी राजगड सोडून रायगड निवडला आणि १६७४मध्ये तिथे राज्याभिषेक करवून घेतला. त्यांना कुणी तुघलक म्हटलं का? राजाराम महाराज १६८९मध्ये औरंगजेबाच्या वेढ्यांतून निसटून थेट तमिळ मुलखात जिंजीला गेले आणि मराठ्यांचं राज्य तिथून चाललं. त्यांना म्हटलं का? मग एका जिल्हाधिकारी कार्यालयाच्या स्थलांतराची गोष्ट निघाली की हे तुघलकपुराण कशाला? ज्याला विचार करायचा नसतो तो तुघलकाचं नाव घेतो. माझा तरी अनुभव तोच.

आणि आता तो भाग, जो खेळालाही कळलेला नाही. ‘सिव्हिलायझेशन’च्या पहिल्या भागात शत्रूने राजधानी घेतली की मोठ्या राज्यात यादवी माजू शकते, राज्याचे दोन तुकडे होऊ शकतात. ऑगस्ट १६००मध्ये अकबराच्या फौजेने नगरचा किल्ला घेतला. चांदबीबी त्याआधीच आपल्याच माणसांच्या हातून मारली गेली होती. गादीवरचा पोरगा बहादूर निजामशहा ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. राजधानी गेली, राजा गेला, खजिना गेला. वरवर पाहता खेळ खलास.

संपला का? नाही! मलिक अंबर नावाचा एक हबशी, जो गुलाम म्हणून विकला गेला होता, उभा राहिला. त्याने परांड्याला दुसरा मूर्तजा निजामशहा गादीवर बसवला. पुढे दरबार जुन्नरला नेला. मग दौलताबादला. १६१०मध्ये दौलताबादेजवळ खडकी गावी नवं शहर वसवलं आणि तिथेही पाणी आणलं, नहर-ए-अंबरी. तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. १६२४मध्ये नगरपासून जवळच्या भातवडीला त्याने मोगल आणि विजापूरच्या एकवटलेल्या फौजा तलावाचं पाणी सोडून चिखलात रुतवल्या आणि मोडल्या. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूला होते, त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले. राजधानीचा किल्ला गेल्यावर हे राज्य आणखी छत्तीस वर्षं टिकलं. छत्तीस वर्षं! ज्या राज्याचं नावच ‘नगरची निजामशाही’, ते नगरशिवाय जगलं, कारण महसूल गोळा होत होता, सैन्याला पगार मिळत होता, आणि अंबराने जमिनीची प्रत बघून सारा ठरवण्याची जी पद्धत बसवली होती तिच्यामुळे शेतकरी जमीन सोडून पळत नव्हता. चालता कारभार जिथे असतो तिथे राजधानी असते. इमारत मागाहून येते.

याचा पुरावा बघायचा असेल तर संगमनेर तालुक्यात पेमगिरीला जा. १६३३मध्ये दौलताबादही पडलं. शहाजीराजांनी निजामशाहीचा एक लहानगा वारस शोधून काढला, त्याला पेमगिरीच्या डोंगरावर गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने स्वतः कारभार हाती घेतला. या डोंगरावर वरपर्यंत जा. पेमादेवीचं देऊळ आहे, खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, सपाटीवर वारा इतका की टोपी धरून उभं राहावं लागतं. राजवाडा शोधाल तर सापडणार नाही. दरबाराची जागा म्हणावी असं काही उरलेलं नाही, आणि असलं तरी फार नसणार. पण इथून खलिते सुटले, किल्लेदार वळवले गेले, कोकणापर्यंतचा मुलूख पुन्हा एका गादीच्या नावाने बोलू लागला. मोगल आणि आदिलशहा दोघांना एकत्र यावं लागलं तेव्हा कुठे १६३६मध्ये माहुलीला शेवट झाला. टाक्यातल्या पाण्यावर आणि एका माणसाच्या हिमतीवर राजधानी चालते, हे या डोंगराने दाखवलं.

यातलं बरंच ज्या जिल्ह्यात घडलं, त्या जिल्ह्याची आजची गत काय?

१७,०४८ चौरस किलोमीटर. राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा. गोव्याएवढी चार राज्यं यात बसतील आणि वर जागा उरेल. चौदा तालुके, २०११च्या जनगणनेत पंचेचाळीस लाखांवर माणसं. एका टोकाला जामखेड, मराठवाड्याला खेटलेलं. दुसऱ्या टोकाला अकोले तालुक्यातलं घाटघर, जिथे सह्याद्री संपतो आणि कोकणकडा सुरू होतो. घाटघरच्या माणसाला नगर दीडशे किलोमीटरहून लांब. नाशिक त्याला जवळ. पण नाशिकला त्याचं काम नाही, त्याचा जिल्हा नगर. भंडारदऱ्याहून राजूर, राजूरहून अकोले, अकोल्याहून संगमनेर, संगमनेरहून नगर. धो धो पावसात घाटघरहून निघालेला हा आदिवासी माणूस दुपारी नगरच्या कोरड्या उन्हात उतरतो तेव्हा साहेब जेवायला गेलेले असतात. साहेब आले तर कागद अपुरा असतो. कागद पुरा असला तर ‘पुढच्या सोमवारी या’. परतीची शेवटची गाडी हुकली तर स्थानकाच्या बाकावर रात्र. मजुरी बुडते ती वेगळीच. खेळाच्या तिसऱ्या भागातला तो निर्दय नियम आठवतो का? लांबच्या गावाची कमाई वाटेत गळते. गळते म्हणजे अशी गळते.

आणि म्हणे विभाजन अवघड आहे! अवघड कुणाला? गाड्यांचं विभाजन कधीच झालं: नगरची पासिंग एमएच १६, श्रीरामपूरची एमएच १७. संगमनेरच्या, कोपरगावच्या, अकोल्याच्या मोटारसायकलीला नगरला यायची गरज नाही. खासदारकीचंही झालेलं आहे: एक मतदारसंघ नगरचा, एक शिर्डीचा, जो २००८च्या पुनर्रचनेआधी कोपरगावचा होता. म्हणजे जिथे पुढाऱ्याला जागा हवी तिथे जिल्हा दोन आहे. वाहनालाही जिल्हा दोन आहे. एक तेवढा माणसाला आहे, पायी चालणाऱ्या, एसटीने येणाऱ्या माणसाला. या निर्लज्जपणाची मला चीड आहे आणि ती मी लपवणार नाही.

जिल्ह्याचे दोन करण्याची मागणी अनेक दशकांची. तत्त्वतः सगळ्यांना मान्य. निवडणूक आली की सभेत टाळ्या घेणारी. आणि अडलंय कशावर? मुख्यालय कुठे, यावर. श्रीरामपूर म्हणतं आम्ही. संगमनेर म्हणतं आम्ही. शिर्डी म्हणते आम्ही. जून २०२३मध्ये शिर्डीला अप्पर जिल्हाधिकारी कार्यालय मंजूर झालं आणि बाकीच्या दोन गावांच्या पोटात कालवलं. तिन्ही गावांची बाजू ऐकली तर वाटेल, प्रत्येकाचा तसा इतिहासच आहे. पण कुणी अकोल्याच्या माणसाचं नाव घेतं का? कुणी सांगतं का, की आमच्याकडे मुख्यालय आलं तर टोकाच्या गावाचे इतके किलोमीटर वाचतील? मी वाट बघतोय. ‘अस्मिता’ तेवढी वारंवार ऐकू येते. अस्मिता घेऊन घाटघरचा माणूस काय करणार, गाडीच्या तिकिटात ती चालते का?

दुसरी टोळी आमच्या नगर शहरातली. ही म्हणते, जिल्हा तोडू नका, राज्यात सगळ्यात मोठा जिल्हा म्हणून आपली शान आहे. या शानदारांना माझं एकच विचारणं आहे: मोठेपणा कुणाच्या पायावर उभा आहे? नगरच्या वकिलाला, झेरॉक्सवाल्याला, हॉटेलवाल्याला लांबून आलेल्या माणसाची गर्दी हवी आहे, हे त्यांनी सरळ सांगावं. त्याला शान म्हणू नये. अहमदशहाने जुन्नर सोडलं तेव्हा जुन्नरच्या सावकारांनीही हीच ओरड केली असेल. त्याने ऐकली असती तर हे शहरच उभं राहिलं नसतं, आणि शानही नसती.

राज्यात याआधी कुणाला जमलंच नाही का? जमलं की. १ मे १९८१ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. तिथेही जुनी, नावाजलेली गावं होती. सावंतवाडीला तर संस्थानाचा वारसा. मुख्यालय ओरोसला गेलं, मधल्या जागी, आणि तिथे सिंधुदुर्गनगरी उभी राहिली. अहमदशहाचीच चाल: दोन बलदंड ठाण्यांच्या मधली जागा धरायची आणि दोन्हींचा हट्ट मोडायचा. १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून पालघर निघाला. जव्हारच्या बाजूने कुरबूर झाली, आणि ती खोटी नव्हती, तिथला आदिवासी माणूसही लांब पडतो. पण निर्णय झाला. आमच्याकडे निर्णय टाळला जातो आणि त्या टाळण्याला सहमतीचं राजकारण म्हणतात.

कुणी म्हणेल, तिन्ही गावांना वाटून टाका: एकाला जिल्हाधिकारी, दुसऱ्याला पोलीस अधीक्षक, तिसऱ्याला जिल्हा परिषद. या शहाणपणाचा प्रयोग आंध्रात करून पाहिला गेला. २०१५मध्ये अमरावतीची पायाभरणी झाली, मग सरकार बदललं आणि विशाखापट्टणम, अमरावती, कर्नूल अशा तीन राजधान्यांचं खूळ निघालं, मग २०२४मध्ये सरकार पुन्हा बदललं आणि पुन्हा अमरावती. शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या आणि ते रस्त्यावर बसले. तीन गावांत वाटलेलं मुख्यालय म्हणजे घाटघरच्या माणसाला एकाऐवजी तीन खेटे.

आणि मुंबईतल्यांनीही फार ताठ बसू नये. नागपूर करार १९५३चा. त्यात विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपूरला भरवायचं ठरलं, म्हणून दर हिवाळ्यात राज्याची राजधानी पंधरवड्यापुरती नागपूरला जाते. फायली जातात, साहेब जातात, मंत्र्यांचे बंगले रंगवले जातात, मोर्चे अडवायला पोलीस जातात, आणि पंधरवड्यात सगळं परत. जे नागपूर १९५६पर्यंत खरीखुरी राजधानी होतं, त्याच्या वाट्याला वर्षातून दोन आठवड्यांचा मुक्काम आला. ६ मे २०२५ला मंत्रिमंडळाची बैठक चौंडीत झाली, अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीनिमित्त. जामखेडच्या त्या माळावर अख्खं सरकार उतरलं. आनंद आहे. पण ज्या बाईंच्या जन्मगावी सरकार एक दिवस बसलं, त्या बाई महेश्वरला एक दिवसासाठी गेल्या नव्हत्या. त्या तिथे राहिल्या, तिथून कारभार केला, तिथेच त्यांचं देहावसान झालं.

मग मुख्यालय कुठे? इतकं बोलून मी हा प्रश्न टाळला तर माझ्यात आणि सभेत टाळ्या घेणाऱ्यात फरक काय राहिला? खेळणारा जसा नकाशा उघडतो तसा उघडा. श्रीरामपूरकडे दौंड-मनमाड मार्गावरचं रेल्वे स्थानक आहे, परिवहन कार्यालय आहे, आणि शेती महामंडळाची सलग जमीन असल्याने भूसंपादनाचं लफडं कमी. ही बाजू मजबूत आहे, मी ती हसण्यावारी नेणार नाही. शिर्डीकडे रेल्वे आहे, काकडीचं विमानतळ २०१७पासून चालू आहे. पण शिर्डीला आधीच देशभरातून येणाऱ्या भाविकांची इतकी गर्दी आहे की सणासुदीला तिथल्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. त्यात कागद घेऊन आलेल्या शेतकऱ्याला ढकलणं हा त्याचा छळ आहे. आणि अकोल्याच्या माणसाला विमानतळाचा काय उपयोग? संगमनेरला रेल्वे नाही. पुणे-नाशिक महामार्ग मात्र गावाजवळून जातो, प्रवरा गावाला लागून वाहते, आणि अकोले अवघ्या तासाभरावर.

माझं मत संगमनेर. कारण मी माप मधल्या गावापासून लावत नाही, टोकाच्या गावापासून लावतो. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर इथला माणूस संगमनेरला सकाळी निघून दुपारी परत येऊ शकतो. अकोले तालुक्यातल्या घाटघर, रतनवाडी, कुमशेतचा माणूस श्रीरामपूरला गेला तर त्याचा दिवस जातो. श्रीरामपूरकर रागावतील. रागवा. रेल्वे स्थानक तुमच्याकडेच राहील, परिवहन कार्यालयही तुमच्याकडेच राहील, कुणी ते उचलून नेत नाही. शिर्डीकरांचं अप्पर जिल्हाधिकारी कार्यालय तिथेच ठेवा, राहाता आणि कोपरगावची कामं तिथेच होऊ द्या. पण जिल्ह्याचा जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद आणि जिल्हा रुग्णालय एका गावात हवं, आणि ते गाव ज्याची वाट सगळ्यात लांब आहे त्याच्या सगळ्यात जवळचं हवं.

ज्याला हे पटत नाही त्याने दुसरं गाव सुचवावं आणि सोबत रतनवाडीपासूनचं अंतर लिहून द्यावं. गावाच्या मानावरचं भाषण मी ऐकणार नाही.